मानवी चूक : कोण?

आमच्या कॉलेजात माझ्या थोरल्या बहिणीला मुलं कोणबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर मॅडम. पण ती जिन्यावरून उतरायला लागली की खाली कोणीतरी हळूच "कोण?" म्हणतं, दुसरं कोणीतरी "बाई" म्हणतं आणि व्हरांडा रिकामा होतो. तिला हे सगळं ठाऊक आहे. मी एकदा चुगली केली तेव्हा म्हणाली, निदान प्रश्न तरी विचारायला शिकली पोरं.

ती भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची प्रमुख. मी त्याच विभागात थिअरी शिकवतो, म्हणजे घर्षण नाही असं धरून चालतो, आणि माझं फळ्यावर सगळं बरोबर येतं. ताईच्या प्रयोगशाळेत घर्षण असतं, धूळ असते, सैल झालेले स्क्रू असतात आणि पदवीच्या वर्गातली मुलं असतात, त्यामुळे तिथे सहसा काहीच बरोबर येत नाही. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही की जर्नलच्या शेवटी कारण लिहायचं असतं. आमच्या आधीपासून मुलं तिथे दोनच शब्द लिहीत आलेली आहेत: मानवी चूक. लिहिणाऱ्याला बरं वाटतं, तपासणाऱ्यालाही बरं वाटतं आणि जर्नल पुढच्या गठ्ठ्यात जातं.

ताईला बरं वाटत नसे. ती त्या दोन शब्दांखाली लाल रेघ ओढायची आणि शेजारी लिहायची, "कोण?" तिचं म्हणणं असं की चूक मानवी असेल तर तो मानव तिथेच कुठेतरी बसला असणार, त्याला नाव असणार आणि त्याने काहीतरी केलं असणार. मग तिने तसा नियमच केला. मानवी चूक लिहायची असेल तर कोणी केली आणि काय केलं, दोन्ही लिहायचं. नाहीतर गुण कापले जातील.

या नियमाने बरीच मैत्री मोडली. मुलं जोडीने प्रयोग करतात, त्यामुळे जो तो जोडीदाराचं नाव लिहायला लागला. एकाने लिहिलं, "मानवी चूक: माझे वडील, त्यांनी मला सायन्सला घातलं." सगळा विभाग वाट बघत होता की आता हा मेला. ताईने त्याला पूर्ण गुण दिले. कोण ते आहे, काय केलं ते आहे, अजून काय पाहिजे, म्हणाली.

घरीही तेच. आई तिच्याकडे राहायला गेली असताना एकदा दूध उतू गेलं. आई आतून म्हणाली, गेलं बाई चुकून. ताईने पेपरमधून मान वर न करता विचारलं, "कोण?" आई म्हणाली, "दूध." त्यानंतर आई माझ्याकडे परत आली ती कायमची.

प्रयोगशाळेचं एक नियमपत्रक आहे. ताईने काम हातात घेतलं तेव्हा ते अर्ध्या पानाचं होतं. आता त्याला पिन मारायची तर दोन हात लागतात, कारण मुलांनी मारलेली प्रत्येक थाप मागे एक कलम ठेवून गेली आहे. एका मुलाची एकच आजी एका सत्रात दोनदा वारली, तेव्हापासून "प्रत्येक नातेवाईक एकदाच" असं कलम आहे. टेबलावर मांडलेल्या प्रिझमला मॅडमशिवाय कोणी हात लावायचा नाही, हे एक कलम. उपकरण फुटलं तर ते कोणाच्या हातून फुटलं हे लिहून सही करायची, हे दुसरं. आणि सगळ्यात जहाल कलम रीडिंग शिजवण्याबद्दल. शिजवणं म्हणजे उपकरणाकडे ढुंकूनही न बघता पुस्तकातलं उत्तर घ्यायचं आणि उलटा हिशेब करून रीडिंग बनवायचं. हे ज्याने केलं त्याला प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजेच वर्ष गेलं. कलम भयंकर होतं खरं, पण कोणी सापडायचंच नाही. आमची मुलं स्वयंपाकात फार हुशार आहेत.

अशात कॉलेजने विद्यार्थी साहाय्य कक्ष काढला. त्यासाठी प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली रिकामी केली आणि एक तरुण समुपदेशक नेमली. त्या खोलीला खिडकी नाही, म्हणून मुलांनी त्या बाईंचं नाव ठेवलं मदतखिडकी. हसतमुख बाई. कोणी रडत आलं की आधी पाणी द्यायच्या, मग विचारायच्या काय झालं. ताईची पद्धत बरोबर उलटी होती, आणि पाणी तर तिने कधी दिलंच नाही. दोघींच्या मध्ये एक भिंत होती आणि ती दोघींनाही पुरत नव्हती.

त्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची दोन प्रॅक्टिकल बुडाली. तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं आणि दवाखान्यात बसायला दुसरं कोणी नव्हतं. नियमाप्रमाणे दोन बुडाली की संपलं. मदतखिडकीने तिची बाजू घेतली, प्राचार्यांपर्यंत गेल्या आणि भरपाईचा तास मंजूर करून आणला: बाकीची बॅच गेल्यावर एकटीने येऊन राहिलेले प्रयोग करायचे. ताईला हे अजिबात पटलं नाही. भरपाईचा तास म्हणजे सवडीने स्वयंपाक, असं ती मला म्हणाली. पण प्राचार्यांची सही होती, म्हणून तिने नाक मुरडून परवानगी दिली आणि त्या मुलीला भरपाईवाली म्हणायला लागली.

भरपाईवाली उंच, किरकिऱ्या आवाजाची, बघितलं तर वाटावं ही आत्ता भांडणार, आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं. माझ्या वर्गात ती मागे बसून फळ्यावरचं प्रत्येक गृहीतक खोडून काढायची. वर्ष गेलं तर तिच्या मामाने तिला आपल्या छपाईच्या दुकानात बसवायचं ठरवलं होतं. मामा चांगला माणूस होता, हेच वाईट होतं. त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

तिला पहिला प्रयोग आला प्रिझमचा. प्रिझम म्हणजे शाळेच्या पुस्तकातला तो लोलक. स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राच्या मधल्या चकतीवर तो ठेवायचा, दिव्याचा पिवळा प्रकाश त्यातून जाऊन किती वळतो ते छोट्या दुर्बिणीतून बघायचं आणि त्यावरून काचेचा अपवर्तनांक काढायचा. काच जितकी जड तितका तो मोठा. आमच्या प्रयोगशाळेतले सगळे प्रिझम फ्लिंट काचेचे, उत्तर एक पूर्णांक बासष्टच्या आसपास. खिडकीजवळच्या टेबलावर त्या सत्रात जे जे बसले त्या सगळ्यांना तेवढंच आलं होतं. त्याच टेबलावर भरपाईवालीला आलं एक पूर्णांक बावन्न.

थोडंफार चुकलं असतं तर ताईने लाल रेघ मारून सोडून दिलं असतं. पण ही चूक फार नीटनेटकी होती. तिन्ही वेळचं रीडिंग एकमेकांशी छान जुळत होतं आणि एक पूर्णांक बावन्न हा क्राऊन काचेचा आकडा आहे. पुस्तकाच्या कोष्टकात फ्लिंटच्या बरोबर वरच्या ओळीत क्राऊन असतो. ताईच्या डोक्यात चित्र लख्ख उभं राहिलं: हिने पुस्तक उघडलं, उत्तर उचललं, रीडिंग शिजवलं आणि घाईत ओळ चुकली. मी ते ऐकलं तेव्हा मलाही शंभर टक्के पटलं. शिजवताना ओळ चुकणं हे आमच्या मुलांना अगदी शोभण्यासारखं होतं.

ताईने तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, जे दिसलं ते लिहिलं. ताई म्हणाली, मग उत्तर चुकलं का, त्याचं कारण लिही. मुलीने लिहिलं, उपकरणात दोष असावा. ताई म्हणाली, उपकरण मी स्वतः मांडलंय, त्यात दोष नाही. माणसाची चूक असेल तर कोण ते लिही. मुलगी थोडा वेळ पेन चावत बसली, मग लिहून जर्नल पुढे सरकवलं. पानावर होतं, "मानवी चूक: मॅडम."

पुढे तिने मला सांगितलं की यात उद्धटपणा काही नव्हता. खोलीत ती एकटी होती, रीडिंग तिने तीनदा घेतलं होतं आणि प्रिझमला हात लावायचा अधिकार नियमपत्रकाप्रमाणे एकाच माणसाला होता. मग उरलं कोण? पण ताईला तेव्हा यातला तर्क दिसला नाही, फक्त "मॅडम" दिसलं. तिने शिजवण्याच्या कलमाखाली प्रकरण विभागप्रमुखांकडे पाठवलं. आमचे विभागप्रमुख म्हणजे मिटवून टाका या दोन शब्दांवर नोकरी काढलेला माणूस. पण प्रकरण लेखी आल्यामुळे त्यांनाही बैठक बोलवावी लागली. बैठकीत ते, मदतखिडकी आणि मी. तिघांत दोघं मुलीच्या विरुद्ध आहेत हे मदतखिडकीला कळलं होतं, कारण त्यांनी व्हरांड्यात माझ्याशी बोलणं बंद केलं.

बैठकीच्या आधीच्या रविवारी मी ताईकडे जेवायला गेलो. भाऊजींचं चष्म्याचं दुकान आहे. घरी ते फार बोलत नाहीत, दिवसभर गिऱ्हाइकांना "हे स्पष्ट की ते स्पष्ट" विचारून त्यांचा आवाज संपलेला असतो. ताई भरपाईवालीच्या नावाने बोटं मोडत होती, मी तिला साथ देत होतो, आणि भाऊजी निमूट जेवत होते. मध्येच त्यांना काहीतरी आठवलं.

"अगं, माझा प्रिझम कधी परत आणतेस? काउंटरवर बारकी पोरं विचारतात, इंद्रधनुष्य कुठे गेलं म्हणून."

ताईचा हात वाढता वाढता पातेल्यावरच थांबला. मी विचारलं, कुठला प्रिझम. भाऊजींनी भोळेपणाने सगळं सांगितलं. सत्राच्या सुरुवातीला कॉलेजातला एक खाली पडला, त्याचा कोपरा उडाला, म्हणून हिने दुकानातला नेला, मापाला अगदी तंतोतंत बसला.

"पडला कोणाच्या हातून?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न तिला विचारायची संधी मिळाली नव्हती, ती मी सोडणार नव्हतो.

"माझ्या," ताई म्हणाली. मग भाऊजींकडे वळून तिने विचारलं, "तुमचा फ्लिंट आहे ना?"

"चष्मेवाल्याकडे फ्लिंट कशाला येईल? क्राऊन आहे."

मी आधी खो खो हसलो. फुटक्या उपकरणावर सही करायचं कलम हिचंच, आणि तिथे "मी" लिहावं लागू नये म्हणून हिनेच घरून काच नेऊन ठेवली होती. मग मला ती उंच पोरगी आठवली आणि तिचा तो भला मामा आठवला, आणि हसायचं सुचेना. मी तिचं वर्ष घालवायला हात वर करणार होतो. मनातून तर केलाच होता.

ताई इतकी वेंधळी नाही. काच वेगळी असेल ही शंका तिला पहिल्याच दिवशी आली होती. पण त्याच आठवड्यात पहिल्या बॅचने एक पूर्णांक बासष्ट काढून दाखवलं, दुसऱ्या बॅचनेही तेच काढलं. तिने मुलांच्या रीडिंगवर विश्वास ठेवला, हाही फ्लिंटच असणार असं धरलं आणि विषय डोक्यातून काढून टाकला. आयुष्यात एकदाच तिने मुलांवर विश्वास ठेवला, तोही नेमका इथे.

सोमवारी सकाळी ती मला घेऊन प्रयोगशाळेत गेली. दिवा लावला, पडदे ओढले आणि खिडकीजवळच्या टेबलावर स्वतः बसली. ती आकडे सांगत होती, मी लिहीत होतो. हिशेब केल्यावर एक पूर्णांक बावन्न आलं. मग तिने दुर्बीण बाकीच्या मुलांनी लिहिलेल्या जागी फिरवली आणि मला बोलावलं.

"बघ. काय दिसतंय?"

"काळोख."

"या काळोखातून माझ्या सगळ्या पोरांनी रीडिंग घेतलं. अंश, मिनिटं, सगळं."

ती हे रागाने म्हणाली नाही. ती स्टुलावर बसून राहिली आणि मला पहिल्यांदाच तिची दया आली. तिच्याजवळ सगळ्या थापांसाठी कलमं होती, आणि त्या सगळ्या कलमांमधून पोरं आरामात चालत गेली होती. अडकली होती फक्त किरण सापडेपर्यंत दुर्बीण फिरवत बसणारी. शेजाऱ्याचं बघून शिजवायला त्या तासाला तिच्याजवळ कोणी नव्हतं एवढं खरं, पण मला नाही वाटत तिने एरवीही शिजवलं असतं.

बैठकीच्या आधी ताईने विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईने सारवासारव सुरू केली: मुलीला पास करा, कागदावर तांत्रिक बिघाड लिहा, मिटवून टाका. कारण प्रिझमची गोष्ट बाहेर आली तर त्या टेबलावर बसलेला प्रत्येक मुलगा शिजवणाऱ्यांत जमा होतो आणि अर्ध्या वर्गाचं वर्ष जातं. शिवाय ताईचं नाव खराब होईल ते वेगळंच. मला त्यांचं म्हणणं पटत होतं. माझ्या स्वभावाला असं लगेच पटतं.

मुलगी आत आली. सोबत मदतखिडकी होत्या, हातात पाण्याची बाटली, कारण आता रडारड होणार याची त्यांना खात्री होती. विभागप्रमुखांनी घसा साफ केला आणि तांत्रिक बिघाडाची सुरुवात केली. ताईने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

"बिघाड नाही सर. मानवी चूक आहे. माणूस मी." मग ती मुलीकडे वळली. "प्रिझम मी फोडला आणि त्या जागी माझ्या नवऱ्याच्या दुकानातला आणून ठेवला. तुझं रीडिंग बरोबर होतं. त्या टेबलावर तुझं एकटीचंच बरोबर होतं."

मदतखिडकीने बाटलीचं झाकण उघडलं आणि थोडं पाणी स्वतःच प्यायलं. मुलीने आभार मानले नाहीत, रडलीही नाही. तिने विचारलं, "मग मी जाऊ? आईचे टाके काढायला बोलावलंय." आणि ती गेली.

उरलेल्या वर्गाचं काय, हा प्रश्न होताच. विभागप्रमुख कपाळाला हात लावून बसले होते. ताई आणि मदतखिडकी यांनी त्या अडगळीच्या खोलीत दार लावून काहीतरी ठरवलं. भिंतीतून एकदा दोघींचं हसणं ऐकू आलं, ते मला जरा भीतिदायक वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारावर ताईच्या अक्षरात सूचना लागली. खिडकीजवळच्या टेबलावर प्रयोग केलेल्या सगळ्यांनी भरपाईच्या तासाला येऊन तो पुन्हा करावा. दाखला लागणार नाही, गुण कापले जाणार नाहीत, कारण विचारलं जाणार नाही. खाली आणखी एक ओळ होती: ज्यांना त्या प्रिझमवर खरोखर एक पूर्णांक बासष्ट आलं असेल त्यांनी मला येऊन दाखवावं, असा प्रिझम जगात दुसरा नाही.

दाखवायला कोणी आलं नाही. प्रयोग करायला मात्र सगळे आले. मी दारातून बघितलं, तर पोरं एका डोळ्याने दुर्बिणीत बघत होती आणि किरण सापडला की खरंच ओरडत होती, इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत असा गोंगाट मी ऐकला नव्हता. ताईला लेखी ताकीद मिळाली. फुटलेल्या उपकरणाच्या कागदावर तिने सही केली आणि कारणाच्या जागी लिहिलं, "पुसताना हातातून सुटला, मग लपवला." भाऊजींना त्यांचा प्रिझम परत मिळाला आणि काउंटरवर पुन्हा इंद्रधनुष्य पडायला लागलं.

सत्राच्या शेवटी तपासलेली जर्नलं मुलांना परत मिळाली. त्या दुपारी मी ताईच्या खोलीत बसलो होतो, तेवढ्यात भरपाईवाली जर्नल उघडं धरूनच आत आली. "मानवी चूक: मॅडम" याच्यापुढे लाल शाईत बरोबरची खूण होती. खाली ताईने लिहिलं होतं, "कोण ते बरोबर. काय केलं ते लिहिलेलं नाही." आणि अर्धा गुण कापला होता.

मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही काय केलं ते मला कसं माहीत असणार? तुम्ही लपवलं होतं. मग माझा अर्धा गुण का गेला?"

ताईने जर्नल ओढून घेतलं, पान पुन्हा वाचलं, नियमपत्रकातलं कलम काढून तेही वाचलं. शेवटी ती म्हणाली, "खरं आहे तुझं. नियम लिहितानाच चूक झाली."

"कोणाची?" मुलीने विचारलं.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ताईने लाल पेन शोधलं, अर्धा गुण परत दिला आणि त्याच्या शेजारी सही केली.